समासातलं सहावं नाव

दादाच्या मुलीला दुसरं बाळ झालं त्या वर्षीच्या जूनमध्ये, निवृत्तीनंतरच्या पहिल्याच शनिवारी, बाई विद्यापीठातल्या आपल्या खोलीतलं कपाट रिकामं करत होत्या. शेवटचा गठ्ठा ओढला तशी जुनी सुतळी तुटली आणि दोनशे बारा फॉर्म फरशीवर पसरले.

"घ्या, एवढंच राहिलं होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि कमरेवर हात ठेवून खाली बसल्या.

त्यांची सगळी कारकीर्द त्या फॉर्मांतून निघाली होती. पस्तीस वर्षांपूर्वी कारखान्याच्या वसाहतीत दारोदार फिरून त्यांनी एकच प्रश्न विचारला होता : अडचण आली तर कोणाकडे जाता? पाच नावं सांगा. माणूस म्हणजे ठिपका, नाव म्हणजे रेघ. त्या ठिपक्यांचा आणि रेघांचा नकाशा झाला, आणि मधोमध आला वसाहतीतला दुकानदार. त्याच नकाशावर बाईंना नोकरी लागली, बढत्या मिळाल्या, लांबलांबची बोलावणी आली. आता त्यांच्या गौरवग्रंथात तो पहिल्याच पानावर छापायचा होता. सोमवारी पाठवायचा होता.

फॉर्मवरचं अक्षर बाईंच्या थोरल्या भावाचं, दादाचं. मोठं, एकेक कोरल्यासारखं. दादा लेथवर काम करायचा. बहिणीला शिकता यावं म्हणून शाळेत तो गेलाच नव्हता. तिशी गाठल्यावर तिच्याकडूनच अक्षरं शिकला आणि पुढे सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर दारोदार फिरू लागला. ती विचारायची, तो लिहायचा.

एका फॉर्मच्या समासात पेन्सिलीचं फिकट काहीतरी दिसलं. बाईंनी कागद खिडकीशी धरला. 'शिवणाच्या मावशी.' दुसऱ्यावरही तेच. तिसऱ्यावर नव्हतं, चौथ्यावर होतं. संगणकात माहिती भरताना पाच रकान्यांच्या बाहेर त्यांची नजर कधी गेलीच नव्हती.

सगळे फॉर्म चाळून झाले तेव्हा मावशी एकशे एकतीस घरांत निघाल्या. दुकानदार चौऱ्याण्णव घरांत होता.

फोन वाजला. भाची होती.

"आत्या, येतेस ना? बाबा दाराकडे तोंड करून बसलेत."

"जरा कामात आहे गं."

"तू मला आठवतंय तेव्हापासून कामातच आहेस. तुझ्या त्या नकाशात आमच्याही घराचा एक ठिपका टाक. निदान वाट तरी सापडेल."

बाईंनी फॉर्म पिशवीत भरले आणि निघाल्या.

दादा खुर्चीत होता. नाकाला नळी, मांडीवर चादर. मागच्या भेटीपेक्षा खुर्ची मोठी वाटत होती.

"निरोपाचं भाषण झालं म्हणे."

"झालं."

"रडलीस?"

"नाही."

"मग कसलं भाषण ते." तो हसला आणि खोकत राहिला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "कोणाकोणाचे आभार मानलेस?"

बाईंनी सांगितलं. मार्गदर्शक, दोन विभागप्रमुख, कुलगुरू, ग्रंथपाल. दादा प्रत्येकाला मान डोलवत होता. पाचव्यानंतर बाई थांबल्या. दादा अजून ऐकत होता. मग म्हणाला, "बरं केलंस."

बाईंनी घाईघाईने एक फॉर्म त्याच्या मांडीवर ठेवला.

"काय अक्षर होतं माझं! कोंबडीचे पाय."

"समासात बघ, दादा."

"हां. मावशी." त्याने कागदावरून अंगठा फिरवला. "लोक पाच नावं विचार करून सांगायचे. डॉक्टर, दुकानदार, साहेब. मग फॉर्म मिटला, आपण चपला घालायला लागलो, की म्हणायचे, 'आणि शिवणाच्या मावशी आहेतच की.' तोवर तू पुढच्या दारात."

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, पाच म्हणजे पाच. म्हणून शाईने नाही लिहिलं."

"काय करायच्या रे त्या?"

"करणार काय? शिवत असायच्या. दार उघडं असायचं."

बाईंनी डोळे मिटले. "नकाशा चुकलाय, दादा. माझं सगळं त्याच्यावर उभं आहे."

"मग दुसरा काढ."

"आता? जीव थकला रे माझा."

"तू थकलीस आणि मी काय पोहून आलोय?" दादाने पिशवीकडे हात केला. "दे इकडे. मी वाचतो, तू लिही."

बाई त्या दिवशी तिथेच राहिल्या. रविवारी सकाळपासून दादा वाचत होता, दर चार फॉर्मांनंतर दम घेत होता. भाचीने दोनदा फॉर्म काढून घ्यायचा प्रयत्न केला, दोनदा बोलणी खाल्ली. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा शेवटचा फॉर्म संपला. नव्या नकाशात मधोमध मावशी होत्या. दुकानदार बाजूला सरकला होता.

बाईंनी पिशवी उचलली. दारात चपला घालता घालता त्या थबकल्या. एक पाय चपलेत, एक बाहेर.

"दादा, त्या भाषणात मी..."

"आहेच की मी," दादा म्हणाला. "जा आता. उशीर होईल."

नवा नकाशा सोमवारी गेला, जुना चुकला होता अशा चिठ्ठीसकट. ग्रंथ सप्टेंबरात छापून आला. दादा त्याआधीच, बारा ऑगस्टला सकाळी गेला.