भेगेवरच्या काचपट्ट्या

आपल्या सगळ्यांच्या ओळखीची एखादी जुनी इमारत असते, जिच्याकडे बघून आपण सहज म्हणतो, "पडणार बघा ही एक दिवस."

ही गोष्ट अशाच एका शाळेची. तिच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. शाळा पाडावी, असा अहवाल साहेबांनी तयारच ठेवला होता. त्यांच्या हाताखाली नव्याने कामाला लागलेल्या वास्तुविशारद मुलीची सही तेवढी हवी होती. तिने दोन महिने मागून घेतले आणि भेगेवर काचेच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलली की काच तडकते.

दोन महिन्यांत एकही पट्टी तडकली नाही. आनंद व्हायचा, तर तिला संशय आला.

"तो म्हातारा गुपचूप बदलत असणार," साहेब म्हणाले. शाळेची डागडुजी करणारे गवंडीकाका भेगेपाशी सारखे घुटमळायचे, हे तिनेही पाहिलं होतं. तिने नवी पट्टी लावली आणि पट्टी चिकटवणाऱ्या सिमेंटच्या लपक्याखाली झाकली जाईल अशी बारीक खूण तिच्यावर कोरली.

आठवड्याने ती पट्टी चकचकत होती.

"काका, ही कोणी बदलली?"

"बदलली नाही, पुसली. धुळीत तडा दिसणार कसा तुम्हाला?"

"पुसायला कोणी सांगितलं होतं?"

"म्हणजे चोर मीच!" काकांनी हसून थापी पुढे केली. "घ्या, उकरून बघा."

तिने उकरलं. खूण तिचीच होती. पण त्या घावांनी गिलाव्याचा मोठा पापुद्रा सुटून खाली आला. मागची दगडी भिंत ओलसर होती, पण तिच्यावर भेगेचा मागमूसही नव्हता!

"मजबुतीसाठी म्हणून वर सिमेंट थापलं," काका म्हणाले. "आधीचा चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडायचा, सिमेंटने ती कोंडली. फुटलाय तो हा थर. मॅडम, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवलीत. भिंतीला एकदा हात लावून बघायचं राहिलं."

तिने ओलसर दगडावर तळहात टेकवला. मग म्हणाली, "चुकीची माफी मागते, काका. चुना मळायला शिकवाल?"

"हात पोळतात."

"पोळू देत."

अहवाल सहीविना साहेबांच्या टेबलावर परत गेला, सोबत तो पापुद्राही. त्या वर्षी शाळेला पुन्हा चुन्याचा गिलावा झाला, आणि पुढे जुन्या इमारती राखणं हेच तिचं काम झालं.

संशय घेणं वाईट नाही. तो तपासायचे कष्ट टाळून सही करणं वाईट. पाडलेली भिंत पुन्हा उकरून बघता येत नाही.