इफिनोईच्या थडग्यावरची कात्री

मी इफिनोईच्या थडग्यावरची कात्री बोलतेय. कुठली इफिनोई, असं विचारलंत तर चावेन.

माझा जन्म ग्रीसमधल्या मेगारा गावच्या एका लोहाराकडे, मेंढ्यांची लोकर कातरण्यासाठी. मला विकत घेणाऱ्या मेंढपाळाच्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं मला इथं वाहिलं. आमच्या गावची रीतच आहे, लग्नाआधी मुलीनं इफिनोईला केसांची एक बट द्यायची. ती राजकन्या लग्नावाचून गेली ना, म्हणून. आजवर कापलेल्या बटा एकमेकींना बांधल्या तर समोरच्या सलामिस बेटाला दोन वेढे बसतील. तिसराही बसला असता, पण मधे एक टकली नवरी आली.

माझं दुखणं वेगळंच. आर्गॉसकडेही एक इफिनोई होऊन गेली. तीही राजकन्याच. देवीच्या कोपानं वेडी झाली, स्वतःला गाय समजून डोंगरात हंबरत फिरली आणि पाठलागात मेली. लेम्नॉस बेटावर तिसरी, तिचंही गाण्यात नाव. आमची आपली नुसतीच मेली. गाणारे तरी काय गाणार! बाजारात गाणं ऐकून त्या आर्गॉसवालीसाठी माणसं ढसाढसा रडायची आणि मी इथं जळून लाल व्हायचे. लोक म्हणायचे, गंज चढलाय.

एकदा फिलिन्ना आपल्या होणाऱ्या सुनेला, तिमारेताला, घेऊन आली आणि थडग्यापाशी थबकली.

“हीच ना ती हंबरणारी? कालच बाजारात गाणं ऐकलं. माझी सून वेडीला बट देणार नाही. उद्या नातवंडं शिंगं घेऊन जन्मली म्हणजे?”

“पण बट दिली नाही तर बाबा लग्नच लावणार नाहीत, सासूबाई.”

“मग मोडलं लग्न!”

थडगं झाडणारी म्नासोआजी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “फिलिन्ना, तूही तुझी बट इथंच वाहिलीस. तुझे पोरगे हंबरतात का गं?”

“थोरला झोपेत हंबरतो खरा.”

“लसूण खाऊन घोरतो तो! ती वेडी आर्गॉसची. ही आपली. हिनं काही म्हणजे काही केलेलं नाही.”

“काहीच केलं नाही, तर हिला बट कशाला?”

आजी पुन्हा झाडायला लागली. मलाही इतकी वर्षं हेच टोचत होतं.

तिमारेता हळूच म्हणाली, “माझ्या ताईनंही काही केलं नव्हतं. लग्न ठरलं, ताप आला, गेली. कुणी गाणं रचलं नाही, म्हणून आम्ही तिला विसरायचं?”

मग फिलिन्नानंच मला उचललं, गंज पुसला आणि सुनेच्या हातात दिलं. “काप. पण मागून काप गं, पुढून भुंडी दिसशील.”

बट ठेवताना तिमारेता हुंदका देत म्हणाली, “तायडे...”

घ्या! इतक्या वर्षांनी इथं कुणी रडलं, तेही दुसरीसाठीच. मी जळले, खोटं कशाला बोलू? पण फिलिन्नाही डोळे पुसत होती.

“तुला गं काय झालं?” आजीनं विचारलं.

“हिच्यासाठी,” दगडावर हात ठेवत फिलिन्ना म्हणाली.

आता माझी पाती झिजलीत. नवी कात्री येणार म्हणतात. तिच्यावर जळायला मी आजपासूनच सुरुवात केलीय. तुम्ही मात्र लेकींना घेऊन या. बाजारात त्या आर्गॉसवालीसाठी खुशाल रडा, फक्त थोडं रडू इथलीसाठी राखून ठेवा.