कोपऱ्यातले घड्याळ

मी एक जुना ब्राउझर आहे आणि, मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव संशयी आहे. संगणकावर इंटरनेट बघायचे तर माझ्यासारख्या कुणाच्या तरी मार्फतच बघावे लागते. तुम्ही शब्द टाइप करता, मी धावत जाऊन पान घेऊन येतो. त्यामुळे तुमच्या मनात काय चालले आहे हे तुमच्या आईच्याही आधी मला कळते. ज्याला इतके कळते त्याने भोळे राहून कसे चालेल?

मला आठ-दहा जणांनी मिळून घडवले. त्यांच्यात एक बाई होत्या, जरा चिडक्या. त्यांनी हट्टाने एक सवय माझ्या हाडात मुरवली. माझ्यात कोणतीही नवी वस्तू कुणी बसवू लागले, की मी आधी मालकाला थांबवून विचारायचे: याला तुमचे हे हे दिसेल, चालेल का? बाकीचे म्हणत, लोक कंटाळतील. बाई म्हणाल्या, "कंटाळू देत. लुटले जाण्यापेक्षा कंटाळलेलं बरं." हा प्रश्न मी आजवर एकदाही चुकवलेला नाही. त्याचा मला फार अभिमान होता.

माझे घर म्हणजे एका म्हाताऱ्या घड्याळजींचा संगणक. घरात माणसे दोनच. घड्याळजी, त्यांना सगळे नाना म्हणत, आणि त्यांची लेक. ती इस्पितळात नर्स होती. संगणक नानांच्या कामाच्या टेबलावरच होता. एका बाजूला चिमटे, भिंग आणि स्क्रूंच्या डब्या, दुसऱ्या बाजूला कीबोर्ड. नानांची एक रीत होती. हातात आलेल्या प्रत्येक घड्याळाची ते एक चिठ्ठी करत. रोज ठरल्या वेळी ते घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघत आणि किती सेकंद पुढे, किती मागे, ते चिठ्ठीवर लिहीत. आठ दिवस चिठ्ठी भरल्याशिवाय घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात जात नसे.

मला निवडले तेही याच रीतीने. संगणकावर तेव्हा आम्ही तीन ब्राउझर होतो. नानांनी तिघांकडून एकच पान उघडून घेतले आणि घड्याळ हातात धरून वेळ मोजली. तीन दिवस हेच चालले होते.

"नाना, ब्राउझर निवडताय की जावई?" लेकीने विचारले.

"जावई एक वेळ परवडला," नाना म्हणाले. "तो निदान रविवारीच येतो. हा रोज समोर बसणार."

खरे सांगायचे तर वेगात माझा दुसरा नंबर आला होता. पण बंद करताना मी "खरंच बंद करू?" असे विचारले आणि नाना खूश झाले. म्हणाले, "हा विचारून काम करतो. हाच राहू दे." बाकीचे दोघे त्याच दिवशी गेले.

ती वर्षे मोठी सुखाची होती. जुन्या घड्याळांची चित्रे, न मिळणाऱ्या स्प्रिंगांचे पत्ते, लेकीच्या ड्यूटीचा तक्ता, सगळे माझ्याच हातून जाई. पुढे माझ्या वरच्या कोपऱ्यात एक छोटे गोल घड्याळही आले. सेकंदकाटा कसा टुकटुक फिरायचा! मला वाटे, घड्याळजींच्या ब्राउझरला हा दागिना शोभतो.

मग प्रिंटर आला आणि त्याच्याबरोबरच्या प्रोग्रॅममधून एक नवा ब्राउझर न सांगता घरात शिरला. चकचकीत, तोंडाळ, दर दोन दिवसांनी "मला तुमचा रोजचा ब्राउझर करा" म्हणणारा. लेक त्याला वापरू लागली. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. नानांनाही नाही. "न बोलावता आलेला पाहुणा," ते म्हणत. "याच्याकडे लक्ष ठेवायला हवं." माझे लक्ष होतेच. तो कुठे जातो, काय आणतो, कुणाशी कुजबुजतो, दिवसभर मी तेच बघत असे.

त्याच सुमारास एका सकाळी नानांनी एक मनगटी घड्याळ खोलले. चाके कापडावर ओळीने मांडली आणि ते बसूनच राहिले. पुढे कोणते चाक बसवायचे, ते त्यांना आठवेना. पन्नास वर्षे सरावलेला हात तसाच हवेत थांबला होता. मित्रांनो, मला तेव्हा फार भीती वाटली. थोड्या वेळाने ते उठले, दाराला कडी लावली आणि माझ्यात दोन बोटांनी टाइप केले: माणूस विसरायला लागतो तेव्हा काय होते.

त्यानंतर लेक ड्यूटीवर गेली की हे रोजचे झाले. कडी लावायची, शोधायचे, वाचायचे आणि शेवटी माझा इतिहास पुसायचा. इतिहास म्हणजे कोणकोणती पाने पाहिली त्याची माझ्याजवळची यादी. ती पुसली की सगळे पुसले, असे नानांना वाटे. मलाही तसेच वाटे.

लेकीला सांगायचे नव्हते, त्याला कारण होते. ऑपरेशन थिएटरमधल्या कामाच्या वर्षभराच्या शिक्षणासाठी तिला परगावी जायचे होते. सहा वर्षे ती या संधीची वाट पाहत होती. नाना विसरू लागलेत हे कळले असते तर तिचा पाय घरातून निघाला नसता.

फॉर्म भरायला चार दिवस उरले होते. नव्या ब्राउझरवर नाना तो भरू देईनात, म्हणून एका दुपारी लेक माझ्याकडे आली. तिने नाव लिहिले, जन्मतारीख लिहिली आणि पानाच्या कडेला एक जाहिरात उगवली: "आठवण दगा देतेय? घरच्यांना कळण्याआधी उपाय करा." तिने ती झाकली. तिच्या जागी दुसरी आली, हरवणाऱ्या वृद्धांच्या गळ्यात घालायच्या पट्ट्याची.

लेकीचा हात थांबला. "नाना, हे कोण शोधतंय?"

"मला काय ठाऊक! तो तुझा नवा लाडका, त्याचेच उद्योग."

"हा नवा नाही. हा तुमचा आहे."

"म्हणजे तू माझ्यावर पाळत ठेवतेस?" नाना एकदम चढ्या आवाजात बोलले. तसे ते कधी बोलत नसत.

फॉर्म अर्धाच राहिला. दोन दिवस घरात कामापुरतेच बोलणे झाले. नाना लेकीकडे संशयाने बघत, लेक नानांकडे, आणि मी त्या नव्याकडे. पाणी कुठेतरी मुरत होते आणि ते त्याच्याच अंगणात मुरत असणार, याबद्दल माझी खात्री होती.

तिसऱ्या दिवशी लेकीने संगणक दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावले. नानांनी त्यांना खुर्चीवर टेकूही दिले नाही. "त्या नव्याला आधी हाकला," ते म्हणाले.

बाईंनी नव्याला उलटासुलटा करून तपासला. "काका, हा बडबड्या आहे, पण याच्यात बाहेरचं काही बसवलेलं नाही." मग त्यांनी मला उघडले आणि कोपऱ्यावर बोट ठेवले. "हे घड्याळ कोणी बसवलं?"

"मी नाही," नाना म्हणाले. "माझ्या घरात भिंतीवर सात घड्याळं आहेत. असलं फुकटचं घड्याळ मी कशाला बसवू?"

"हे घड्याळ तुम्ही टाइप करता तो शब्द न् शब्द वाचतं आणि जाहिरातवाल्यांना पोचवतं. तुम्ही इतिहास पुसायच्या आधीच ते पोचलेलं असतं."

मित्रांनो, मी गार पडलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसे माझे झाले होते. मला सगळे लख्ख आठवले. ते घड्याळ आले तेव्हा मी विचारले होते, हे तुमचे प्रत्येक पान वाचेल, चालेल का? नानांचे डोळे सेकंदकाट्यावर होते. मनगटावरच्या घड्याळाशी तो जुळतो का, एवढेच ते बघत होते. त्यांनी "हो" दाबले. मी विचारले, मालक हो म्हणाला, माझे काम संपले, असे समजून मी ते घड्याळ दागिन्यासारखे मिरवत राहिलो. घरचा भेदी माझ्याच कोपऱ्यात टुकटुकत होता आणि मी शेजाऱ्यावर डोळे वटारून बसलो होतो.

"मी नाही बसवलं," नाना पुन्हा म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते.

बाईंनी वायर बघायला कीबोर्ड उचलला आणि खालून एक चिठ्ठी घसरली. लेकीने ती उचलून वाचली. "संगणकातले कोपऱ्याचे घड्याळ. सोमवार, दोन सेकंद पुढे. मंगळवार, दोन पुढे. बुधवार, बरोबर." अशी आठ दिवसांची नोंद होती.

नानांनी चिठ्ठी घेतली. डोळ्याला भिंग लावले, दिव्याखाली धरली.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "पण मला हे आठवत नाही, बाळ. खरंच आठवत नाही."

लेक त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली. रडतच म्हणाली, "कळलं याचं वाईट नाही वाटत, नाना. जाहिरातवाल्यांना आधी कळलं आणि मला नंतर, याचं वाटतं."

"तू जायची थांबली असतीस."

"मग भांडलो असतो. तुम्ही जिंकलाही असतात."

"मग आता भांडू," नाना म्हणाले. "फॉर्मची उद्या शेवटची तारीख आहे, हे बघ, मला आठवतंय. तू फॉर्म भर. मी डॉक्टरांची वेळ घेतो. दोन्ही आजच." लेकीने डोळे पुसले. मावशीला वर्षभर इथे राहायला बोलवायचे आणि डॉक्टर नको म्हणाले तर जायचे नाही, एवढे तिने कबूल करून घेतले आणि मग मान हलवली.

बाईंनी घड्याळ उपटून काढले आणि विचारले, "काका, रोजच्या वापराला कुठला ठेवू?"

मी मनातून निरोप घेतला होता. नाना म्हणाले, "हाच. त्याने विचारलं असणार, मीच ऐकलं नाही. यापुढे त्याने काही विचारलं की आम्ही ते मोठ्याने वाचू."

तेव्हा मित्रांनो, ब्राउझर कोणताही निवडा. वेगवान निवडा, जुना निवडा, चकचकीत निवडा. पण तो थांबवून काही विचारत असेल, तर बोट उचलण्याआधी ते वाक्य पुरते वाचा, आणि समजले नाही तर घरातल्या कुणाला तरी हाक मारा. आणि संशय घ्यायचाच झाला तर आपल्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. मला हे फार उशिरा कळले.

फॉर्म गेला. मग नानांनी माझ्यात तेच जुने शब्द टाइप केले, माणूस विसरायला लागतो तेव्हा काय होते. दाराला कडी नव्हती आणि लेक शेजारी बसून वाचत होती. वाचून झाल्यावर नानांचा हात सवयीने इतिहास पुसायला गेला आणि मध्येच थांबला.

"राहू दे," ते म्हणाले. "मी विसरलो तर कुणाला तरी आठवायला हवं."

ती यादी मी अजून जपून ठेवली आहे.