शब्दाची फोड

"लगीन लागेल शे का तुन्हं? हाव का नही, येवढंच सांग," मी दिवलीबाईवर खेकसलो.

ती कचेरीच्या पायरीवर उकिडवी बसली होती. "नही लागनं, भाऊ. आमशाना बापनी मन्हा बापले देजन्या दोन बकऱ्या दिध्यात, पंचसम्होर जबान दिधी. सात वरीस आम्ही संगे ऱ्हायनूत. लगीन मांगतून, हातमा पीक वनं का लागस. आम्हनामा असंच ऱ्हास."

ही १९३४ सालची गोष्ट. मी, नवल, तालुक्याच्या कचेरीत भाषांतराचा कारकून होतो. दिवलीबाईचा माणूस आमशा तापानं गेला आणि त्याच्या भावानं, जान्यानं, त्याच्या वावरावर हक्क सांगितला. म्हणे ही बायकोच नव्हे. नव्या गोऱ्या साहेबानं तिच्या अर्जावर एकच प्रश्न लिहिला होता: मयताशी हिचं 'वेडलॉक' झालं होतं का? लग्नाला त्यांच्यात हा जुना शब्द. मी खाली 'होय' एवढंच लिहिलं असतं, तर काम फत्ते होतं.

पण आमची विद्वत्ता गप्प बसते थोडीच! मिशनच्या शाळेतल्या जाड्या कोशात मी या शब्दाचं मूळ वाचलं होतं. लोकांना त्यात कुलूप दिसतं. तसं काही नाही. पहिला भाग म्हणजे दिलेलं वचन आणि मागचा नुसता प्रत्यय. वचन तर पंचांपुढं दिलेलं होतं, म्हणजे दिवलीबाईचं लग्न झालेलंच होतं! मी तिची हकिगत जशीच्या तशी लिहिली, खाली सुरेख अक्षरात शब्दाची फोड केली. साहेब पाठ थोपटेल असं वाटत होतं. खरं सांगतो, त्या घटकेला दिवलीबाई माझ्या मनातही नव्हती.

साहेब वाचून हसला. "हजार वर्षांपूर्वी चाललं असतं," म्हणाला. "पण लग्न लागलं नाही, हे तुम्हीच लिहून दिलंत." आणि वावर जान्याच्या नावे केलं.

मी बाहेर पायरीवर आलो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

"काय जायं, भाऊ?"

"लगीन लागनं नही, म्हने. मन्हीच चूक व्हयनी, बाई."

ती रडली नाही. "येवढंच ना? मंग आज लावसू."

"आते कोनासंगे?"

"आमशासंगेच. त्यान्हा नावना दगड वावरमा उभा शे. त्याले हळद लावसू. तू साहेबले सांग, सांजलोंग थांब."

ती पदर खोचून पाड्याच्या वाटेनं धावत सुटली. त्या वावरात आता तिला कुणी पाऊल टाकू देणार नव्हतं.