शेजारच्या सीटवरचा ब्रेक

पात्र कोण?

राजनंदिनी मॅडमनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलेला हा प्रश्न. सुरुवात त्यानेच करू.

पात्र: अलीम शेख. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. उभी हयात दुसऱ्यांच्या पोरांचे 'माझी आई' निबंध तपासण्यात गेली. आता नेवासा फाट्याजवळच्या एका छोट्या विद्यापीठात एम.ए. करतात, विषय सर्जनशील लेखन. त्याच वर्गात त्यांची मुलगी कैनात. प्रवेश आधी तिचा झाला. तिला सोडायला म्हणून गुरुजी गेले आणि स्वतःचाही अर्ज भरून आले. रोज तिच्याच स्कूटीवर मागे बसून येतात. घरात दखनी, गाडीवर मराठी, वर्गात अबोला.

वर्ग केवढा? एका सतरंजीवर मावेल एवढा.

रीत

(ही फळ्यावर नव्हती, पण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही.)

लिहिलेलं मॅडमच्या टेबलावर ठेवायचं, नाव न घालता. मॅडम मोठ्याने वाचणार, वर्ग बोलणार, आणि लिहिणाऱ्याने आपण त्या गावचेच नाही असं बसायचं. शेवटी नाव सांगावंसं वाटलं तर सांगा, नाहीतर राहू द्या.

शिवाय एक युक्तीही मॅडमनी शिकवली होती. स्वतःबद्दल लिहिताना संकोच वाटला तर बाईचा पुरुष करा, गाव बदला, धंदा बदला. ही युक्ती गुरुजींना इतकी पटली की त्या दिवसापासून त्यांना कुठल्याही कथेत लिहिलेलं सोडून बाकी सगळं दिसू लागलं.

त्याला काय हवं आहे?

या वर्गात बसायला.

बस्स. पदवीचं त्यांना काही नव्हतं. पण त्यांनी लिहिलेला एक विहिरीचा प्रसंग वाचून झाला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं होतं, "मग पुढं काय झालं?" त्यांच्या लिहिण्याला असा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. त्या दिवशी ते घरी गेले ते तरंगतच.

आड काय येतं?

पुढे एके दिवशी मॅडमनी एक कथा वाचायला घेतली. पारनेरकडचा एक मुलगा टेम्पो चालवतो. कांदा भरून नगरच्या मार्केटला नेतो. शेजारी वडील बसतात, जन्मभर तोच टेम्पो चालवलेले. वडील एका शब्दाने बोलत नाहीत. पण वळण आलं, कुत्रं आडवं गेलं, की त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबतो. मुलगा रस्त्याकडे बघायचं सोडून त्या पायाकडे बघू लागतो. कथेचं शेवटचं वाक्य होतं: 'ते उतरले तर मला गाडी येईल, पण त्यांना उतरा म्हणायचं कसं?'

"बाप व्हिलन आहे," ज्ञानेश्वरी म्हणाली. ती पुढच्या रांगेतली, निकाल लगेच देणारी.

"व्हिलन कसला? भ्यालाय बिचारा," दुसरं कुणीतरी.

"भ्यालाय तर घरी बसावं की! पोराच्या मांडीवर कशाला बसतोय?"

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांचा हिशेब जुळत चालला होता. मुलगा म्हणजे मुलगी. टेम्पो म्हणजे स्कूटी. पारनेर म्हणजे नेवासा. कैनात वर्गात काही बोलू लागली की आपले ओठ हलतात, ती अडखळली की आपण खाकरतो, हे त्यांना आत्ता, या मिनिटाला कळलं. पाय म्हणजे ते खाकरणं. आणि कांदे? कांद्यांशी ते थोडा वेळ झटले. कांदे म्हणजे तिचं लिखाण असावं. माल तिचा, आणि काळजी बापाला.

त्यांनी हळूच मुलीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. तिने झटकन मान वळवली.

आता पुरावा आणखी काय हवा?

आड काय येतं? (तेच, थोडं पुढे)

तास सुटल्यावर ते मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, माझं नाव कमी करा."

"का हो गुरुजी? तब्येत?"

"तब्येत ठणठणीत. ती टेम्पोची कथा कुणाची, ते तेवढं सांगा."

"ते मी सांगत नसते, तुम्हाला माहीत आहे."

"नका सांगू. मला कळलंय."

मॅडमनी चष्मा काढला. "कळलंय म्हणणाऱ्याने एकदा विचारून घ्यावं, गुरुजी. नाव मी सोमवारपर्यंत कमी करणार नाही."

काय बदललं?

फाट्यावरच्या रसवंतीपाशी कैनातने गाडी थांबवली. बाकावर वर्गातला बजरंग एसटीची वाट बघत बसला होता. गुरुजींनी रसाचा ग्लास हातात घेतला आणि तोंडाला न लावताच म्हणाले, "मी सोमवारपासून येत नाही, बेटा. तुझं तू शिक."

"का?"

"उतरा म्हणायची वेळ तुझ्यावर येऊ नये म्हणून."

कैनातला आधी काही कळेना. मग कळलं आणि तिला ठसका लागला. "अब्बा! मला वाटलं ती तुम्ही लिहिली! स्वतःवरच. मला तर वाईट वाटत होतं, इतकं कशाला लावून घेता म्हणून."

"मी? मी कशाला टेम्पो लिहू?"

"मग मी कशाला लिहू?"

बजरंग बाकावरच अवघडला. रीत मोडावी की नाही, कळेना. शेवटी मोडलीच.

"गुरुजी, त्यो टेम्पो आमचा हाय."

"आणि वडील?"

"वडील बी आमचेच. आत्ताबी पाय दाबत असत्याल."

"आणि कांदे?"

"कांदे म्हंजी कांदेच की, गुरुजी. दुसरं काय असनार?"

कैनात इतकी हसली की रसवाल्याने चरक थांबवून पाहिलं. गुरुजीही हसले. मग ग्लास बाकावर ठेवून त्यांनी विचारलं, "पण बेटा, खोटं आहे का ते? आपल्यापुरतं?"

ती हसायची थांबली. बजरंगने एसटी येत नसतानाही रस्त्याकडे तोंड केलं.

"खोटं नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही वर्ग सोडू नका. तुमच्या त्या विहिरीचं पुढं काय झालं, ते मलाही अजून माहीत नाही. माझं वाचायचं असेल, तेवढ्यापुरते बाहेर जा."

"मला कळणार कसं? नाव तर नसतं."

"मी सांगेन सकाळी."

शेवट

गुरुवारी सकाळी तिने सांगितलं, "आज."

तास सुरू झाला तसे गुरुजी पाणी प्यायला म्हणून उठले ते व्हरांड्यातच राहिले. समोरच्या चिंचेखाली कुणाच्या तरी गाड्या लावलेल्या. आतून मॅडमचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. ते दारापासून आणखी दोन खांब पुढे सरकले. आता आवाजही पुसट झाला.

मग आत सगळा वर्ग एकदम हसला. मोठ्याने, खूप वेळ.

चांगलं हसले की वाईट, कुणावर हसले, गुरुजींना काही कळलं नाही. त्यांनी कठड्याला हात टेकला आणि तिथेच उभे राहिले.