जावयाची झडती

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मी तयार झालो वनस्पती तुपासाठी, पण आयुष्य गेलं ते काडीपेट्या सांभाळण्यात. आर्णीबाहेर पुसद रस्त्याला एक जिनिंग कारखाना होता. त्याच्या फाटकावर, चौकीदाराच्या खिडकीत माझी जागा होती. तुम्ही जिनिंग पाहिलं नसेल तर एवढंच ध्यानात ठेवा, की तिथे कापसातली सरकी वेगळी काढतात, मागे रुई राहते, आणि त्या रुईला एक ठिणगी पुरते. म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकानं खिशातली बिडी-काडी माझ्यात ठेवायची आणि घरी जाताना परत घ्यायची. कारखान्यातला हा सर्वांत जुना नियम.

नियम चालवायचा चौकीदार भीमराज. उंच, हाडकुळा, कामापुरतं बोलणारा. त्याला सगळे खिसे सारखे. एकदा एक मोठे साहेब लायटर द्यायला तयार होईनात, तर त्यानं त्यांना उन्हात उभं ठेवलं. साहेब लालबुंद झाले. आवाज ऐकून मालक नरहरजी बाहेर आले. त्यांनी स्वतःची काडीपेटी सगळ्यांदेखत माझ्यात टाकली आणि म्हणाले, "साहेब, इथं मीही सुटत नाही." त्या दिवशी मी ऑफिसातल्या तिजोरीलाही मोजत नव्हतो.

मग गुलाबी बोंडअळीची वर्षं आली. वरून टवटवीत दिसणारी बोंडं आतून किडलेली निघू लागली. जिथे कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची, तिथे भरदुपारी कुत्री झोपायला लागली. शेजारचे दोन कारखाने बंद पडले. नरहरजींना वाटलं, आपलं काम संगणकावर आणलं तर रुई स्वच्छ निघेल, आपली रुईची गाठ बाजारात उठून दिसेल, आपण तरू. त्यांचं वाटणं चूक नव्हतं. त्याच वैशाखात त्यांची मुलगी प्राची पुण्याच्या सलीलरावांना दिली होती, आणि सलीलरावांचा धंदा नेमका कारखान्यांना संगणक जोडून देण्याचा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं हमाल आपसात म्हणून हसले. घोडं मात्र देखणं होतं, हे मी कबूल करतो.

कापूस ओढणाऱ्या नळ्यांमध्ये ठिणगी ओळखणारे डोळे बसले. डोळ्यांना ठिणगी दिसली, की संगणक यंत्रं थांबवणार आणि पाण्याचा पंप सुरू करणार. पूर्वी पंपाला हाताचा खटका होता. कोणी ओरडलं, की जो जवळ असेल तो धावत जाऊन खटका ओढायचा. सलीलरावांनी तो काढून टाकला. आता माणसानं धावायची गरज नाही, असं ते म्हणाले.

संगणकांची देखभाल करायला यवतमाळहून अनघा नावाची इंजिनिअर आली. वयानं लहान, पण कडक. पहिल्याच आठवड्यात ती खिडकीशी येऊन भीमराजला म्हणाली, "काका, या डब्यात अजून एक वस्तू घ्यायची. पेन ड्राइव्ह. याच्यातून संगणकाला रोग लागतो. आता सगळी यंत्रं संगणकाच्या हातात आहेत, तेव्हा त्याला रोग लागला की यंत्रांनाही लागलाच. मी बाजूच्या जुन्या संगणकावर तपासीन, मगच तो आत जाईल."

"म्हंजे थेही एक काडीपेटीच म्हना ना," भीमराज म्हणाला.

"तसंच समजा."

मित्रांनो, म्हातारपणी मला नवं काम मिळालं. हिशेब तपासणारे, यंत्रं दुरुस्त करणारे, वजनकाटा पाहायला येणारे, सगळे मुकाट्यानं पेन ड्राइव्ह माझ्यात ठेवू लागले. एकाच्यात खरंच रोग सापडला. अनघानं त्याला चहा पाजला, पण आत सोडलं नाही.

पहिल्या दिवाळसणाला सलीलराव आले. भाऊबीज आटोपून यंत्रं पुन्हा सुरू झाली होती. त्या सकाळी नरहरजी जावयाला घेऊन कारखाना दाखवायला निघाले. सलीलरावांच्या हातात पेन ड्राइव्ह होता. संगणकात काही नवी सुधारणा टाकायची होती, पाच मिनिटांचं काम होतं. भीमराजनं रोजच्यासारखं मला पुढे धरलं.

"जावईबापू, थे यात ठेवा. अनघाताई पाहून देतीन."

सलीलराव हसले. त्यांनी कदाचित ठेवलाही असता. पण नरहरजी हसले नाहीत. "भीमराज, तू जावयाची झडती घेऊन राह्यला का?"

"मालक, तुमीच तं म्हनलं होतं, इथं कोनी सुटत नाही."

"थे कामाच्या मानसाईसाठी. घरच्या पाहुण्यासाठी नाही."

अनघा आतून धावत आली. "सर, फक्त दहा मिनिटं द्या मला."

"ताई," नरहरजी हळू आवाजात म्हणाले, "लेकीची पहिली दिवाळी आहे. सणासुदीला मले जावयासमोर मान खाली घालायले लावू नका."

अनघा बाजूला सरली. भीमराजनं मला पुन्हा खिडकीत ठेवलं आणि पेन ड्राइव्ह न तपासताच आत गेला. माझा राग सलीलरावांवर कमीच आहे. ज्याच्यापुढे सगळे वाकतात, त्याला स्वतःचा खिसा तपासावा असं कधी सुचत नाही. माझा राग त्या मानपानावर आहे. लग्नमांडवात तो शोभतो. फाटकावर त्याचं काय काम होतं?

तो पेन ड्राइव्ह कुठकुठले कारखाने फिरून आला होता, देव जाणे. दुपारी सगळ्या पडद्यांवर एकदम इंग्रजीत खंडणीची धमकी झळकली. संगणक कोणाचं ऐकेना. यंत्रं मात्र फिरतच राहिली, कारण त्यांना थांबवणारा तोच होता. अनघा वीज तोडायला धावली. ती पोचायच्या आत कापसाबरोबर आलेला एक खडा यंत्रात घासून ठिणगी उडाली. नळीतल्या डोळ्याला ठिणगी दिसलीही असेल, पण त्यानं सांगायचं कोणाला? पंप सुरू झाला नाही आणि हाताचा खटका तर भंगारात गेला होता. भीमराजनं आत शिरून कामावरच्या बाया फाटकाबाहेर काढल्या. माणूस एकही गेला नाही. रुई, गाठी आणि छप्पर मात्र सगळं जळून गेलं. सलीलराव त्याच संध्याकाळी दुरुस्तीसाठी म्हणून संगणक गाडीत घालून पुण्याला गेले.

दुसऱ्या दिवशी नरहरजी खिडकीशी आले. चेहरा पार उतरला होता.

"भीमराज, चौकशीवाले येतीन. एक काडी नजर चुकून आत गेली असंन, एवढं म्हन. तुले मी उपाशी मरू देनार नाही."

"नाही गेली, मालक."

"मले मालूम आहे नाही गेली म्हनून. पन जावयाचं नाव निघालं तं त्याचा धंदा बसते. माह्या पोरीनं तिथं कसं राहावं?"

भीमराजनं फाटकाच्या किल्ल्या खिडकीत ठेवल्या. "तुमच्या पोरीसाठी मी नोकरी सोडतो, लोकाईले काय समजाचं थे समजू द्या," तो म्हणाला. "पन काडी गेली, हे माह्या तोंडून निघनार नाही."

त्यानं नोकरी सोडली. मग काडी भीमराजच्या नजरेतून सुटली, असं नरहरजींनीच सगळ्यांना सांगून टाकलं.

चौकशीचे साहेब आले. अनघानं त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी संगणक मागवला, तर तो पुण्याहून सगळं पुसून, कोरा होऊन आला. मग साहेबांनी विचारलं, पेटणारी वस्तू या कारखान्यात येते का? नरहरजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी झाकण उघडलं. जीव घेऊन पळालेल्या माणसांच्या काडीपेट्या तशाच माझ्यात राहिल्या होत्या. मी काठोकाठ भरलेला होतो.

"एवढ्या काड्या इथे येतात?" साहेब म्हणाले.

भीमराजला जबाबासाठी बोलावलं होतं. तो म्हणाला, "साहेब, थ्या आत गेल्या नाही, म्हनून तं डब्यात हाय."

साहेबांनी मान हलवली, आग काडीनं लागली असं लिहिलं आणि मला पुरावा म्हणून कापडात बांधायला सांगितलं. आयुष्यभर जे राखलं, तेच माझ्यावर आणि भीमराजवर उलटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

आता मी एका सरकारी कपाटात लाखेची मोहर लावून पडलो आहे. कपाटासमोर शिपाई बोलत असतात, की भीमराजला आर्णीपासून ढाणकीपर्यंत कोणी चौकीदारी देत नाही. ज्याच्या हातून काडी सुटली, त्याच्या हवाली फाटक कोण करणार? अनघा यवतमाळला परत गेली. सलीलरावांकडे दुसऱ्या कारखान्यांचं काम आहेच.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमचीही यंत्रं असतील, ती तारांनी आणि संगणकांनी जोडलेली असतील. तेव्हा फाटकावर एक माणूस ठेवा आणि त्याला सगळ्यांचे खिसे पाहू द्या, सोयऱ्यांचे आधी. आणि तुम्हीच कधी त्याचा हात अडवलात, तर आग लागल्यावर निदान त्याच्याकडे बोट दाखवू नका. माझं झाकण कधी कोणी उघडलं, तर त्या दिवशीच्या सगळ्या काड्या त्याला आत सापडतील. त्यातली एकही पेटलेली नाही.