उस्तादांचा तळहात

त्साय चिन-फाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बिनपंख्याचं यंत्र उजव्या हातात धरलं. डाव्या हातात चहाचा कप होता. चहा पीत पीत वीस मिनिटं यंत्र धरून बसायचं, हात बदलायचा नाही, बोटं सैल सोडायची नाहीत, अशी या कारखान्याची रीत होती. मापकं काय सांगायचं ते सांगोत, शेवटचा कौल उस्तादांच्या तळहाताचा. गेल्या बावीस वर्षांत त्सायच्या हातातून न जाता इथून यंत्राचा एकही नवा नमुना बाहेर पडला नव्हता.

दुसरं यंत्र समोर टेबलावर होतं, पंख्याचं. दोन्ही एकाच कामाची. पार्सलच्या गोदामात खोक्यावरची पट्टी वाचायची, खोक्याचा फोटो घ्यायचा आणि ते कुठल्या गाडीत जायचं ते तिथल्या तिथे ठरवायचं. मुठीत मावणाऱ्या डबीत एवढा संगणक कोंबला की ती तापणारच. पंख्याचं यंत्र बोटभर जाड होतं, सतत घुरघुरायचं आणि वर्षातून दोनदा त्याची धूळ काढावी लागणार होती. बिनपंख्याचं सडपातळ, देखणं. त्याच्या पोटातली उष्णता तांब्याच्या पातळ पत्र्यावरून पाठीवर पसरत होती आणि तिथून हवेत जाईल असं कागदावर लिहिलेलं होतं. दोन्हींतलं एक आज निवडायचं होतं.

"किती झाली?"

"अकरा मिनिटं, उस्ताद," यू-चेन म्हणाली.

तिला इथे लागून दोनच वर्षं झाली होती. सकाळी तिनेही हेच यंत्र धरून पाहिलं होतं आणि सातव्या मिनिटाला खाली ठेवलं होतं. 'तुझा हात मऊ आहे पोरी, अजून चार यंत्रं भाजून घे,' असं त्साय म्हणाला तेव्हा सगळी खोली हसली होती. तीही हसली होती. आता मात्र तिची नजर पडद्यावरच्या आलेखावरून हलत नव्हती.

चाचणीच्या कपाटावर खाऊची हिरवी पुडी ठेवलेली होती. ती जवळ असली की यंत्रं शहाण्यासारखी वागतात असा इकडे समज आहे, म्हणून ती सगळ्याच कारखान्यांत असते. तिची तारीख उलटून गेली तर यंत्रं बिघडतात, म्हणून यू-चेन दर महिन्याला तारीख बघायची.

"उस्ताद, एक विचारू? तुम्ही हातात घेतलंत की यंत्र तीन अंशांनी उतरतं. खाली ठेवलंत की परत चढतं."

"उतरणारच. अंगात रक्त फिरत असतं ना. ते उष्णता घेऊन जातं."

"म्हणजे पंख्याचं काम आपला हात करतो."

"असं म्हणायचं असेल तर म्हण."

"आणि मापक तर पाठीच्या मध्यावर चिकटवलंय. तळहाताचा खालचा भाग टेकतो तो कोपरा यापेक्षा कितीतरी गरम लागतो."

"मापक कुठे लावायचं ते हुंगसाहेबांच्या टिपणात लिहिलंय."

"तेच म्हणतेय मी." तिने आलेखावरून नजर काढली. "ही यंत्रं जाणार त्याच गोदामात आई कामाला असते, उस्ताद. तिला वीस मिनिटं नाही, आठ तास धरायचंय."

त्सायने चहाचा घोट घेतला. त्याला ही पोरगी आवडायची. तिचे प्रश्न त्याला आवडायचे नाहीत, पण आपण तिच्या वयाचे असताना असेच प्रश्न विचारत होतो हे त्याला आठवत होतं. वीस मिनिटं झाली तेव्हा त्याने यंत्र टेबलावर ठेवलं.

"चालेल," तो म्हणाला. "कोमट आहे. हिवाळ्यात तर गोदामातल्या बायका खूश होतील."

यू-चेन हसली नाही. ती त्याच्या हाताकडे बघत होती.

"उस्ताद, हात."

"काय झालं हाताला?"

"फोड आलाय."

त्सायने तळहात उताणा केला. अंगठ्याच्या खालच्या उंचवट्यावर वालाच्या दाण्याएवढा फोड टरारला होता. भोवतालची कातडी लाल झाली होती. त्याने डाव्या हाताच्या नखाने तो दाबून पाहिला. फोड हलला, नख हललं, पण तळहाताला काहीच जाणवलं नाही. आणखी जोरात दाबला, तरी काही नाही.

त्याला लाज वाटली, इतकी की तिच्यासमोरून उठून जावंसं वाटलं. नऊ वर्षांपासून त्याला साखरेचा आजार होता. आधी पायाची बोटं बधिर झाली. चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. मग हाताच्या बोटांची टोकं. तळहात अजून शाबूत आहे असं तो स्वतःला रोज सांगायचा. यंत्र धरलं की थोडी ऊब लागते असं त्याला वाटायचं, आणि ते खरंच वाटतं की आठवणीतून येतं हे त्याने कधी तपासलं नव्हतं. हे त्याने कोणाला सांगितलंही नव्हतं. उस्तादांचा हात बधिर आहे हे सांगितल्यावर उस्तादांचं राहतंच काय?

यू-चेनने नळ सोडला. रुमाल पाण्याने भिजवून त्याच्यासमोर ठेवला.

"परीक्षेचा फॉर्म कुठे आहे?" त्याने विचारलं.

"सकाळीच साहेबांकडे गेला."

"परीक्षा व्हायच्या आधी?"

"वूबाई घेऊन गेल्या."

वूबाई कचेरी सांभाळायच्या. सगळ्यांचे नावाचे लाकडी शिक्के त्यांच्याकडे बिस्किटांच्या डब्यात असत. कोणी रजेवर असलं तर कागद अडू नये म्हणून. सगळीकडेच तसं चालतं. यात काही वावगं आहे असं आजवर कोणाला वाटलं नव्हतं, त्सायलाही नाही.

तो उठला आणि वरच्या मजल्यावर गेला.

हुंगसाहेब खुर्चीत बसून जेवणाचा डबा आवरत होते. तीस वर्षांपूर्वी दोघांनी मिळून एका गाळ्यात हा धंदा सुरू केला होता. तेव्हा पैसा हुंगचा होता आणि हात त्सायचे. चारचौघांत त्साय त्यांना साहेब म्हणायचा. एकटे असले की नाही.

"हुंग, पंख्याचं घ्यायचं."

"दार लाव."

त्सायने दार लावलं. "बिनपंख्याचं नको. हात भाजतो."

"कोणाचा?"

त्सायने तळहात पुढे केला. हुंगने चष्मा लावला, हात जवळ ओढून फोड नीट पाहिला. मग सोडला.

"आजच डॉक्टरकडे जा. तुझ्यासारख्या साखरेच्या माणसाची जखम लवकर भरत नाही."

त्साय उभाच राहिला. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तीन वर्षांपूर्वीचं वर्षअखेरचं जेवण आठवतं? शेगडीवरचं रटरटणारं मातीचं भांडं नुसत्या हातांनी उचललंस आणि माझ्यापुढे ठेवलंस. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. लोखंडी पंजा, लोखंडी पंजा म्हणून ओरडले. मी तुझं तोंड बघत होतो, आ-फा. टाळ्या कशाला वाजतायत हेच तुला कळत नव्हतं."

त्या रात्री हुंगनेच त्याच्या पेल्यात पुन्हा पुन्हा दारू ओतली होती, हे त्सायला आठवलं. किती प्रेम करतो हा माणूस, असं तेव्हा वाटलं होतं.

"तीन वर्षं माहीत आहे तुला."

"हो."

"आणि तरी यंत्रं माझ्याच हातात देत राहिलास."

"मग कोणाच्या देऊ? दुसऱ्याच्या हातात पास झाली असती का?" हुंगचा आवाज चढला नाही. डब्याचं झाकण बसवताना माणूस बोलतो तितक्याच सहज ते बोलले. "गिऱ्हाइकाला सडपातळ हवंय. पंखा आला की धूळ आली, धूळ आली की दुरुस्त्या आल्या. तापलं तर घालतील बायका हातमोजे. दोन दिवस कुरकुर करतील, मग हात निबर होतात. तुझा नाही झाला?"

"माझा निबर नाही झाला, हुंग. मेलाय."

"बिनपंख्याचा साचा महिन्यापूर्वीच कापलाय," हुंग म्हणाले. "आता हा विषय नको."

टेबलाच्या काचेवर फॉर्म पडला होता. त्सायने तो उलटा वाचला. त्यावर दोन चौकोन होते, एक परीक्षकाचा आणि एक साक्षीदाराचा. परीक्षकाच्या चौकोनात त्याच्या नावाचा लाल ठसा उमटलेला होता, वाळलेला, खाली कालची तारीख. आज सकाळपासून आपण चहा पीत नुसतं नाटक करत बसलो होतो, हे त्याला आता समजलं. साक्षीदाराचा चौकोन कोरा होता; तिथे यू-चेनचा शिक्का लागणार होता.

"माझा शिक्का दे."

हुंगने खण उघडला आणि शिक्का त्याच्यासमोर ठेवला. जराही आढेवेढे घेतले नाहीत.

"घे. सात महिन्यांनी निवृत्त होतोयस, आता त्याचं काम तरी काय उरलंय? मानाने जा, आ-फा. तुझ्या पंजाचा ठसा घेऊन खाली भिंतीवर लावू आपण. पोरं नमस्कार करतील."

ते हे मनापासून म्हणाले, आणि त्याचाच त्सायला जास्त संताप आला. बोलायला हवं होतं ते तीन वर्षांपूर्वी, त्या भांड्याच्या वेळी, आणि तेव्हा तो टाळ्या घेत बसला होता. त्याने शिक्का मुठीत घेतला आणि जिना उतरला. अर्ध्या जिन्यावर थांबून त्याने मूठ उघडून पाहिली. शिक्का होता.

खाली यू-चेन पंख्याच्या यंत्राची नोंद पुरी करत होती. तिने मान वर केली.

"काय म्हणाले?"

"तुझा शिक्का कुठे आहे?"

"डब्यात. सगळ्यांचा असतो तिथे."

"जा, घेऊन ये."

"आत्ता? कशाला?"

"आधी घेऊन ये. मग विचार काय ते."

ती गेली. त्साय तिच्या स्टुलावर बसला. बिनपंख्याचं यंत्र अजून चालूच होतं, सकाळपासून कोणी बंद केलं नव्हतं. त्याने ते उचललं. हातात एखादं रिकामं पाकीट असावं तसं ते होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खोलीत कोणी नव्हतं. मग त्याने यंत्राचा खालचा कोपरा गालाला लावला.

तो ओरडला नाही. पण डोकं इतक्या जोराने मागे गेलं की स्टूल सरकलं आणि यंत्र हातातून टेबलावर आपटलं. डोळ्यांत पाणी आलं. गालावर हात धरून तो तसाच बसून राहिला. हे असं आहे तर, त्याच्या मनात आलं. तीन वर्षांत सात नमुन्यांची यंत्रं त्याच्या हातून पास होऊन गेली होती. ती कोणाकोणाच्या हातांत असतील याचा त्याने आजवर एकदाही विचार केला नव्हता.

दार उघडलं. यू-चेन धावत आली असावी, तिला दम लागला होता.

"उस्ताद, गालाला काय झालं?"

"शिक्का?"

तिने रिकामे हात पुढे केले.

"डब्यात नाहीये. वूबाई म्हणाल्या, साहेबांनी आत्ताच वर मागवून घेतला."